मेलला कुलूप का लावत नाही कोणी?

ठाणे स्टेशनवरून गोखले रोडकडे जाताना झेरॉक्सची जी दुकानं लागतात ना, तिथे भिंतीवर एक जीमेलचा पत्ता लावलेला असतो, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून. प्रिंट हवी तर त्या पत्त्यावर मेल टाकायचा, दुकानदार उघडतो, प्रिंट काढतो, पैसे दिले की आपण निघतो. मागे मी मामाबरोबर अशाच एका दुकानात उभी होते, त्याला ब्लड रिपोर्ट आणि बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट हवी होती, आणि स्क्रीन नेमकी आमच्याकडे वळलेली. मामाचा मेल वर आला. त्याच्या खाली कोणाचं तरी आधार, त्याच्या खाली सॅलरी स्लिप, मग भाडेकरार, मग "सोनोग्राफी रिपोर्ट", मग परत कोणाचं तरी आधार आणि पॅन एकत्र. सगळी नावं दिसत होती.

मामाने आयुष्यभर टपालाच्या सॉर्टिंगची नोकरी केली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अगं, पोस्टकार्ड उघडंच असायचं, पत्ता वाचताना मजकूर डोळ्यांवर यायचाच. म्हणून घरातलं काही लिहायचं असेल तर लोक अंतर्देशीय घ्यायचे, चिकटवून टाकायचे. मेलचं अंतर्देशीय नाही का काही?"

आहे. तीसेक वर्षं झाली, फुकट मिळतं, आणि तरी तुमच्या-माझ्या ओळखीत ते वापरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मी ऐरोलीला एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायचं काम करते, रोजचा धंदा हाच, तरी माझे स्वतःचे घरगुती मेल मी एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाहीत असे कुलूपबंद करत नाही. लोक आळशी आहेत किंवा त्यांना प्रायव्हसीची पडलेली नाही असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही, म्हणून हे जरा नीट सांगते.

आधी मेल जातो कसा ते बघू. तुम्ही सेंड दाबलं की मेल तुमच्या फोनवरून तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून समोरच्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून त्याच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर. ह्या वाहतुकीचे मूळ नियम, ज्याला एसएमटीपी म्हणतात, ते १९८२ साली लिहिले गेले आणि त्यात कुलूपबिलूप काही नव्हतं, कारण तेव्हा नेटवर्कवर थोडी युनिव्हर्सिटीतली आणि सरकारी मंडळी होती, एकमेकांना ओळखणारी. नंतर रस्त्यावरची सुरक्षा आली, तिला टीएलएस म्हणतात, आणि आज जीमेल, आउटलुक वगैरे मोठ्या कंपन्यांमध्ये मेल जाताना ती बहुतेक वेळा असते. मामाला मी त्याच्याच भाषेत सांगितलं, टपालाची गाडी आता बंद असते, कुलूप लावलेली, वाटेत कोणी हात घालू शकत नाही, पण गाडीत आहेत ती पोस्टकार्डंच. प्रत्येक ऑफिसात गाडी उघडली की मजकूर समोर. आणि गाडीचं कुलूपसुद्धा बरेचदा "जमलं तर" ह्या हिशोबाचं असतं, म्हणजे समोरच्या सर्व्हरला ते येत नसेल तर अनेक सर्व्हर मेल तसाच उघडा पाठवून मोकळे होतात.

म्हणजे मेल कंपनीच्या सर्व्हरवर तुमचा मेल वाचता येईल अशा अवस्थेत असतो. तिथे बसून कोणी माणूस तुमचे मेल वाचत बसतो असा ह्याचा अर्थ नाही. जीमेलचा मजकूर जाहिराती ठरवायला वापरणं बंद करतो असं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. पण मशीन वाचतंच, स्पॅम ओळखायला वाचतं, तुम्ही "एलआयसी" सर्च केलं की दहा वर्षांपूर्वीची पावती काढून देतं ते वाचता येतं म्हणूनच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरं अंतर्देशीय, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. तुमच्या मशीनवर बंद झालं ते थेट समोरच्याच्या मशीनवरच उघडणार, मधल्या कोणालाच कळणार नाही. ह्यातली गोम अशी की एकच चावी दोघांकडे हवी असेल तर ती चावी पाठवणार कशी, ती पाठवतानाच कोणी कॉपी केली तर? ह्याचं उत्तर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन ह्या दोघांनी मांडलं आणि १९७७ मध्ये आरएसए नावाची प्रत्यक्ष पद्धत तयार झाली. कल्पना देवळातल्या दानपेटीसारखी आहे. आपल्या कौपिनेश्वराच्या देवळात गेलात तर पेटीत पैसे कोणीही टाकू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, पण काढू शकतो तो फक्त चावीवाला विश्वस्त. टाकणाऱ्यालासुद्धा टाकल्यावर परत काढता येत नाही. तर प्रत्येकाने आपापली अशी पेटी बनवायची, पेटी जगाला वाटायची, तिला पब्लिक की म्हणतात, आणि चावी स्वतःकडे ठेवायची, ती प्रायव्हेट की. तुम्हाला मला काही गुपित पाठवायचंय तर माझ्या पेटीत टाका.

ही गोष्ट सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर आणली फिल झिमरमन ह्या अमेरिकन माणसाने, १९९१ मध्ये, पीजीपी नावाचा प्रोग्रॅम लिहून. तो इंटरनेटवरून देशाबाहेर गेला आणि अमेरिकन सरकारने त्याच्यामागे चौकशी लावली, कारण तेव्हा तिकडे तगडं एन्क्रिप्शन शस्त्रांच्या यादीत मोडायचं, निर्यातीला बंदी. पुढे पीजीपीचा सगळा कोड छापून त्याचं पुस्तक काढलं, कारण पुस्तक देशाबाहेर न्यायला बंदी नव्हती! १९९६ च्या सुरुवातीला चौकशी गुंडाळली गेली. मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पुढे त्याचं ओपनपीजीपी नावाचं खुलं स्टँडर्ड झालं, १९९९ मध्ये जीएनयूपीजी हा फुकटचा प्रोग्रॅम तयार झाला, सगळं आलं. फक्त लोक आले नाहीत.

का आले नाहीत ते मला मामाच्या पाचपाखाडीतल्या घरी एका रविवारी स्पष्ट दिसलं. तो म्हणाला दाखव करून, म्हणून मी त्याच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम टाकला, त्यात २०२० पासून ही सोय आतच आहे, वेगळं काही लावावं लागत नाही. त्याची चावी बनवली. चावीची एक्स्पायरी विचारली, तीन वर्षं ठेवली. मामा म्हणाला, "तीन वर्षांनी काय करायचं?" मी म्हटलं वाढवायची. मग चावीची बॅकअप फाइल काढली, तिला वेगळा पासवर्ड, तो पासवर्ड मामाने त्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिला, जिथे गॅसचा ग्राहक क्रमांक आणि एटीएमचा पिनही आहे. मग मी माझ्या लॅपटॉपवरून त्याला एक बंद मेल पाठवला आणि तो त्याच्या स्क्रीनवर उघडला, छोटंसं कुलूप दिसलं, मामा खूश. मग त्याने सवयीने फोन काढला, कारण मेल तो फोनवरच बघतो, तर तिथे विषयाच्या जागी नुसते तीन ठिपके, आत मजकूर नाही, आणि खाली एन्क्रिप्टेड डॉट एएससी नावाची एक फाइल. ती दाबली तर काहीच उघडेना. फोनवर वाचायचं तर त्यासाठी वेगळं ॲप, त्यात परत चावी नेऊन टाकायची. तोवर दोन तास झाले होते, मामीचा तिसऱ्यांदा आवाज आला की जेवण गार होतंय.

जेवून मामा म्हणाला, आता सीएला फॉर्म सोळा असाच पाठवू. आणि इथेच गाडी अडली, कारण सीएला बंद पाकीट पाठवायचं तर सीएची पेटी हवी ना, ती त्याने बनवलेलीच नाही. आम्ही जास्तीत जास्त एवढंच करू शकलो की मामाची पेटी, म्हणजे पब्लिक की, मेलला जोडून त्याला पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं, "सर ही फाइल ओपन होत नाहीये, व्हायरस आहे का? व्हॉट्सॲपवर पाठवा."

ह्यात सीएचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे एवढे क्लायंट, जुलैचा महिना, त्यातल्या एका आजोबांसाठी तो नवीन सॉफ्टवेअर शिकणार का? एन्क्रिप्शनचं सगळं दुखणं ह्या एका वाक्यात आहे. हेल्मेट मी एकटीने घातलं तरी माझं डोकं वाचतं, पण बंद मेल एकट्याने वापरताच येत नाही, समोरच्यानेही तो आधी सेट केलेला लागतो, आणि त्याने तो करावा म्हणून त्याच्याकडे आधीच असे मेल पाठवणारे लोक लागतात. कोणी नाही म्हणून कोणी नाही.

आणि हे फक्त आपल्याकडच्या ज्येष्ठांचं नाही बरं का. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर ह्या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १२ जणांना बसवलं, सगळे मेल रोज वापरणारे, त्यांना पीजीपी ५.० दिलं, दीड तास दिला आणि सांगितलं एक गुपित मेसेज सही करून, एन्क्रिप्ट करून टीममधल्या लोकांना पाठवा. जमलं फक्त चौघांना. तिघांनी तर ते गुपित चुकून तसंच उघडं पाठवून दिलं, आणि चुकीची ही जात फार वाईट, कारण एकदा गेलं ते गेलं.

त्याहून बोलका किस्सा एडवर्ड स्नोडेनचा आहे, अमेरिकन सरकारची गुप्त पाळत ज्याने उघड केली तो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला नाव न सांगता मेल केला की माझ्याकडे महत्त्वाची माहिती आहे, पण आधी पीजीपी लाव. ग्रीनवाल्डने लावलं नाही, कामात राहून गेलं. स्नोडेनने स्टेप बाय स्टेप शिकवणारा व्हिडिओसुद्धा बनवून पाठवला, तरी नाही. शेवटी स्नोडेन गेला डॉक्युमेंटरी बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रसकडे, तिला ते वापरता येत होतं. ज्याच्या करिअरची सगळ्यात मोठी बातमी दारात उभी होती त्याला जमलं नाही तर फॉर्म सोळा पाठवणाऱ्याकडून काय अपेक्षा करायची.

मग मामाने रास्त प्रश्न विचारला, "व्हॉट्सॲपवर तर ते पिवळं येतं, एंड-टू-एंड, ते कसं जमलं?" जमलं कारण तिथे दोन्ही टोकं एकाच कंपनीची आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्यांसाठी ते चालू केलं, शंभर कोटींवर लोक, कोणालाही चावी बनवावी लागली नाही, कोणाला काही विचारलंही नाही, ॲप अपडेट झालं आणि विषय संपला. चाव्या फोन आपापसात बनवतो, बदलत राहतो, पेट्या कंपनीचा सर्व्हर वाटतो. मेलला असा मालक नाही. जीमेलवाला याहूवाल्याला, याहूवाला सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनवाल्याला, कोणीही कोणालाही पाठवू शकतो, आणि मेलची खरी ताकद तीच आहे, मला ती मनापासून आवडते. पण मालक नाही म्हणून एका दिवशी सगळ्यांसाठी बटण दाबणाराही कोणी नाही. गूगलने २०१४ मध्ये क्रोमसाठी असं एक्स्टेंशन बनवतोय असं जाहीर केलं होतं, ते सामान्य माणसाच्या हातात कधी आलंच नाही. प्रोटॉनसारख्या मेल सर्व्हिस आहेत, २०१४ पासून, तिथे दोघंही प्रोटॉनवर असले की आपोआप बंद पाकीट जातं, पण प्रोटॉनवरून तुमच्या जीमेलला साधा मेल आला तर तो तुमच्याकडे पोस्टकार्डासारखाच पडतो.

पेट्या वाटण्याचीही एक भानगड आहे. गणपतीत बोगस पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे असतात ना, तसं माझ्या नावाची पेटी बनवून कोणीही ठेवू शकतो. जुन्या की सर्व्हरवर, म्हणजे लोकांच्या पब्लिक की जिथे ठेवतात तिथे, कोणाच्याही नावाने की टाकता यायची, पडताळणी नाही. म्हणून नियम असा की समोरासमोर भेटून किंवा फोनवर त्या कीच्या ओळखखुणेची, म्हणजे फिंगरप्रिंटची, चाळीस आकडे-अक्षरं जुळवून बघायची. चाळीस! २०१९ मध्ये तर दोन नावाजलेल्या जाणकारांच्याच कीवर कोणीतरी "ही की खरी" अशी साक्ष देणाऱ्या इतक्या हजारो खोट्या सह्या चिकटवल्या, की त्या डाउनलोड केल्यावर प्रोग्रॅम लटकायला लागले.

पण मामाचं मन कशाने फिरलं माहितीये? ह्यातल्या कशानेच नाही. तो म्हणाला, "मी गेल्यावर हिला माझे मेल उघडता येतील का?" मामी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. मी खरं तेच सांगितलं, चावी आणि तिचा पासवर्ड नसेल तर नाही, कोणालाच नाही, मलाही नाही, कंपनीला अर्ज करून, डेथ सर्टिफिकेट जोडून, कशानेच नाही. बँक लॉकर तोडून देते, इथे तोडणारा कोणी नाही, तेच तर ह्याचं वैशिष्ट्य आहे. विम्याचे कागद, एफडीचे मेल, मुलाचे जुने मेल, जे जे असं एन्क्रिप्ट झालं ते सगळं बंद. आणि चावी हरवायला मरावं लागतं असंही नाही, लॅपटॉप बंद पडला, बॅकअप सापडला नाही, की तुमची स्वतःचीच दहा वर्षं गेली. सर्चही जातं, कारण सर्व्हरला वाचता येत नसेल तर तो शोधणार काय? चोर ही बहुतेकांना कधीतरी येणारी अडचण आहे, पासवर्ड विसरणं ही दर महिन्याची. साधा माणूस हा हिशोब न मांडताच बरोबर करतो, आणि उघडं पोस्टकार्ड निवडतो.

आता गंमत बघा, आपण एन्क्रिप्टेड फाइल मेलवर रोज घेतो, फक्त तिला तसं म्हणत नाही. बँकेचं स्टेटमेंट येतं ती पासवर्डवाली पीडीएफ, ई-आधारची पीडीएफ, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट. ते चाललं कारण चावीची देवाणघेवाणच ठेवली नाही, पासवर्ड तुम्हाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीतून बनवला. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. सोपं आहे, पण माझं नाव माहीत असणाऱ्याला किती अंदाज लावावे लागतील? शंभर वर्षं धरली तरी शंभर. ह्याला कुलूप म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि खऱ्या पब्लिक-प्रायव्हेट कीचं तंत्रही आपल्याकडे घराघरात नाही तरी ऑफिसाऑफिसात आहे, डीएससी नावाने. डिजिटल सिग्नेचरचा तो यूएसबी टोकन, कंपन्यांच्या फायलिंगला, ई-टेंडरला लागतो. कायद्याने लागतो म्हणून लोकांनी घेतला. पण तो असतो कुठे? मी एका ऑफिसात ड्रॉवर उघडलेला पाहिलाय, आत चाळीसेक टोकन, प्रत्येकाला रबरबँड, क्लायंटच्या नावाची चिठ्ठी, आणि त्याच चिठ्ठीवर पिन. ज्याची चावी फक्त स्वतःकडे असायला हवी अशी चाळीस माणसं एका ड्रॉवरमध्ये. मला ते बघून खरंच वाईट वाटलं, आणि त्यांनाही दोष देववेना, कारण चावी सांभाळणं हे काम म्हणून कोणी कोणाला शिकवलंच नाही.

सरकारचं म्हणाल तर आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली ठरावीक कारणांसाठी माहिती उघडून देण्याचा आदेश देता येतो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा आला होता, त्यात लोकांनी आपल्या एन्क्रिप्टेड मेसेजची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं होतं. इतकी ओरड झाली की काही दिवसांतच मागे घेतला.

मग आम्ही काय केलं ते सांगते. पत्रकार असाल, वकील असाल, कोणाचा जीव किंवा नोकरी तुमच्या मेलवर असेल तर वेळ काढून हे नीट शिका, किंवा सरळ सिग्नल हे मेसेजचं ॲप वापरा. मामासाठी मात्र चोर वाटेत नाहीये, तो टोकाला आहे, म्हणजे मामाच्या अकाउंटचा पासवर्ड, सीएच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, आणि झेरॉक्सच्या दुकानातला तो इनबॉक्स. एन्क्रिप्ट करून पाठवलं असतं तरी दुकानात उघडल्यावर ते उघडंच झालं असतं, व्हॉट्सॲप वेबवरून प्रिंट दिली तरी तेच. म्हणून मामाच्या जीमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, लावलं, रिकव्हरी नंबर मामीचा टाकला. फॉर्म सोळा पीडीएफला मोठा पासवर्ड लावून मेल केला आणि पासवर्ड सीएला फोन करून सांगितला, त्याच मेलमध्ये लिहिला नाही. त्याने बिनतक्रार उघडला, कारण त्याला नवीन काही बसवावं लागलं नाही. जिथे आधारची मागणी होते तिथे मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. डायरीतलं शेवटचं पान फाडून मामाने पाकिटात घालून कपाटात ठेवलं, एफडीच्या पावत्यांबरोबर, मामीला दाखवून.

आणि त्या झेरॉक्सवाल्याकडे परत गेलो. प्रिंट झाल्यावर मी म्हटलं, दादा, आमचा मेल डिलीट करता का, ट्रॅशमधूनही. तो थांबला, म्हणाला, "ताई, एवढ्या वर्षांत कोणी बोललंच नाही." मग त्याने आमचा काढला, ट्रॅशमधूनही काढला, आणि रांगेत कोणी नव्हतं तर त्या दिवसाचे बाकीचेही सिलेक्ट करायला लागला, एकेक टिक करत, आधार, आधार, सॅलरी स्लिप.